शाखेचं नाव एआय, अभ्यास गणिताचा

सीईटीचा निकाल लागला की महाराष्ट्रातल्या हजारो घरांत एकच काम सुरू होतं, अभियांत्रिकी प्रवेशाच्या कॅप फेरीचा पसंतीक्रम लावायचं. मोबाइलवर मागच्या वर्षीचे कट-ऑफ, वहीत महाविद्यालयांचे कोड आणि जेवताना-उठताना तोच विषय. या यादीत गेल्या काही वर्षांत एक नवा पेच आला आहे. पूर्वी 'कॉम्प्युटर' अशी एक ओळ असायची. आता तिच्या आजूबाजूला 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स अँड डेटा सायन्स' आहे, 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स अँड मशीन लर्निंग' आहे, 'कॉम्प्युटर सायन्स' लिहून पुढे कंसात एआय जोडलेली शाखा आहे आणि नुसतं 'डेटा सायन्स'सुद्धा आहे. वडील विचारतात, "यातलं चांगलं कुठलं गं?" मुलगी सांगते, "बाबा, हल्ली सगळे एआयच टाकतायत." त्या चार वर्षांत नेमकं काय शिकवतात, हा प्रश्न बहुतेक घरांत विचारायचा राहून जातो.

तो विचारायला हवा, कारण या पदवीचं नाव आणि तिच्यातला अभ्यास यांत बरंच अंतर आहे. नाव ऐकून बोलणारे रोबो, आपोआप चालणाऱ्या गाड्या डोळ्यांसमोर येतात. वर्गात गेल्यावर फळ्यावर दिसतात मॅट्रिक्स, संभाव्यता आणि डेरिव्हेटिव्ह.

हा विषय नवा नाही. 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स' हे नाव जॉन मॅकार्थी यांनी अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजमध्ये १९५६ साली झालेल्या कार्यशाळेच्या निमित्ताने रूढ केलं. ब्रिटनमध्ये एडिनबरा विद्यापीठात १९७४ सालीच एआयचा स्वतंत्र विभाग उभा राहिला, आणि तोही संशोधनावर कुऱ्हाड कोसळलेली असताना. त्याच्या आदल्याच वर्षी गणितज्ञ जेम्स लाइटहिल यांनी या क्षेत्राच्या अवास्तव आश्वासनांवर कठोर अहवाल दिला होता आणि सरकारी निधी आटला होता. पदवीच्या नावात 'एआय' ठळकपणे यायला मात्र पुढे बराच काळ गेला. अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठाने २०१८ मध्ये एआयची स्वतंत्र पदवी सुरू केली, त्या देशातली ती पहिलीच. भारतात आयआयटी हैदराबादने २०१९ मध्ये एआयचं बीटेक काढलं. जागा होत्या अवघ्या वीस.

महाराष्ट्राच्या यादीत ही नावं इतक्या झपाट्याने कशी आली? २०२०-२१ पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने, म्हणजे एआयसीटीईने, नव्या अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी देणं काही काळ थांबवलं. पारंपरिक शाखांतल्या जागा रिकाम्या राहत होत्या. चालू असलेल्या महाविद्यालयांनी नवं काही काढायचं तर ते उदयोन्मुख क्षेत्रांत काढावं, असं धोरण आलं. एआय, डेटा सायन्स, आयओटी, रोबोटिक्स, ब्लॉकचेन, सायबर सुरक्षा हे विषय त्या यादीत होते. पुढे २०२४-२५ पासून चांगली कामगिरी असलेल्या महाविद्यालयांसाठी शाखेतल्या जागांची कमाल मर्यादाही उठली. जागा एका वर्षात वाढवता येतात, पण शिक्षक एका वर्षात घडत नाही. मशीन लर्निंग शिकवणारा प्राध्यापक तयार व्हायला एमटेक आणि पीएचडी धरून सहा-सात वर्षं जातात. शाखेची पाटी बदलली तरी वर्गात शिकवणारे कोण आहेत, हे म्हणूनच आधी पाहायचं.

पहिल्या वर्षी अनेकांचा हिरमोड होतो. अभियांत्रिकीच्या इतर शाखांसारखेच गणित, भौतिकशास्त्र किंवा रसायनशास्त्र, इलेक्ट्रिकलची ओळख, प्रोग्रॅमिंगचे धडे, जर्नल आणि सबमिशन. एआय कुठेच नाही. दुसऱ्या वर्षी डेटा स्ट्रक्चर्स, डेटाबेस, ऑपरेटिंग सिस्टीम, डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स, संख्याशास्त्र. मशीन लर्निंग नीट भेटतं ते तिसऱ्या वर्षी. डीप लर्निंग, भाषेवरचं काम, प्रतिमा ओळखणं हे विषय त्यानंतर येतात. पुण्याच्या इंजिनिअरिंगमध्ये 'एम-थ्री' या गणिताच्या पेपरची धास्ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. त्यातून सुटका व्हावी म्हणून कुणी एआयकडे वळत असेल, तर तो आगीतून फुफाट्यात जाईल.

गणित इतकं का लागतं, हे एका साध्या उदाहरणाने दाखवता येईल. समजा, दोन पेनांचे दहा रुपये झाले, एवढंच यंत्राला सांगितलं आणि एका पेनाची किंमत शोधायला लावली. आपण भागाकार करून पाच म्हणू. शिकणारं यंत्र तसं करत नाही. ते आधी एक अंदाज धरतं, समजा तीन रुपये. म्हणजे दोन पेनांचे सहा झाले आणि चूक निघाली चार रुपयांची. आता त्या चुकीचा वर्ग घ्यायचा, किंमत बदलली की तो वर्ग किती वेगाने बदलतो हे डेरिव्हेटिव्हने काढायचं आणि त्या उताराच्या उलट दिशेला अंदाज थोडासा सरकवायचा. इथे उतार उणे सोळा येतो. त्याचा विसावा भाग घेतला तर अंदाज ३ वरून ३.८० वर जातो. दोन पेनांचे ७.६०, चूक २.४०. पुन्हा तीच कृती केली की अंदाज ४.२८ आणि चूक १.४४. आणखी एकदा, की ४.५७. दर फेरीत चूक आधीच्या साठ टक्के उरते आणि अंदाज पाचाच्या जवळ जात राहतो.

आता विसाव्या भागाऐवजी तिसरा भाग घेऊन पाहा. अंदाज ३ वरून एकदम ८.३३ वर उडी मारतो. दोन पेनांचे १६.६७ होतात, चारची चूक साडेसहाच्या वर जाते आणि दर फेरीत वाढतच राहते. यंत्र शिकायचं सोडून भरकटतं.

या पद्धतीला ग्रेडियंट डिसेंट म्हणतात. इथे शोधायचा आकडा एकच होता. जीपीटी-३ या भाषेच्या मॉडेलमध्ये असे १७५ अब्ज आकडे होते. एवढ्या आकड्यांचे उतार थरांमागून थर उलटे काढत जाण्याची रीत डेव्हिड रुमेलहार्ट, जेफ्री हिंटन आणि रोनाल्ड विल्यम्स यांनी १९८६ साली 'नेचर'मध्ये मांडली आणि ती सर्वत्र पसरली. विद्यार्थ्याने हे एकदा तरी वहीत, हाताने करायला हवं. तयार लायब्ररीतली एक ओळ लिहून मॉडेल चालवता येतं. पण ते बिघडलं तर पाऊल मोठं झालं की डेटा खराब होता, हे त्या एका ओळीवरून कळत नाही. ज्याने पेनांचं गणित वहीत सोडवलं आहे, त्याला ते कळतं.

गणितानंतर येतो डेटा, आणि विद्यार्थ्यांचा सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. आकडे गाळणं, रिकामे रकाने भरणं, एकाच माणसाच्या दोन नोंदी शोधणं, हे काम प्रसिद्धी मिळवणारं नाही. पण निकालाचा खरेखोटेपणा त्यावरच ठरतो. हजार लोकांची तपासणी केली आणि त्यांतले दहा आजारी आहेत, असं समजा. एखाद्या विद्यार्थ्याचं मॉडेल सगळ्यांनाच 'निरोगी' म्हणालं, तर ते ९९ टक्के बरोबर ठरतं आणि एकही आजारी माणूस शोधत नाही. व्हायवाला '९९ टक्के अचूकता' सांगणाऱ्या मुलाला चांगला परीक्षक पुढचा प्रश्न इथेच विचारतो.

या चुका वर्गापुरत्या राहत नाहीत. २०१८ साली जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू यांनी चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे सांगणाऱ्या तीन व्यावसायिक प्रणाली तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक फार तर ०.८ टक्के होती. गडद वर्णाच्या स्त्रियांच्या बाबतीत ती ३४.७ टक्क्यांपर्यंत गेली. अशा प्रणाली शिकवायला आणि तपासायला वापरले जाणारे प्रसिद्ध फोटोसंच गोऱ्या चेहऱ्यांनी भरलेले होते. एआयच्या चांगल्या अभ्यासक्रमात नीतिशास्त्राचा विषय असतो तो यासाठी. कार्नेगी मेलनने आपल्या पदवीत तो सक्तीचाच ठेवला.

आपल्याकडच्या विद्यार्थ्याला हाच धडा मराठीत, अगदी एका अक्षरात मिळू शकतो. हाताने लिहिलेली देवनागरी अक्षरं यंत्राला ओळखायला शिकवण्यासाठी एक संच विद्यार्थ्यांमध्ये लोकप्रिय आहे. नेपाळमधल्या संशोधकांनी तो २०१५ मध्ये तयार केला. त्यात ९२ हजार चित्रं आहेत आणि ४६ प्रकार : छत्तीस व्यंजनं आणि दहा अंक. संच मेहनतीने केलेला आहे आणि नेपाळी भाषेसाठी योग्यही आहे. पण त्यात 'ळ' नाही, कारण नेपाळी वर्णमालेत तो नाही. महाराष्ट्रातल्या एखाद्या गटाने हा संच घेऊन मराठी हस्ताक्षर वाचणारा प्रकल्प केला, तर यंत्राकडे कप्पे आहेत शेचाळीस आणि 'ळ'साठी त्यांतला एकही नाही. 'बाळ'मधला 'ळ' ते दुसऱ्याच कुठल्यातरी कप्प्यात टाकेल आणि तेही मोठ्या खात्रीने. उपाय एकच, आपल्या वर्गातल्या, गावातल्या, आजी-आजोबांच्या हातचे हजारो 'ळ' गोळा करायचे. एका मुलाने हे काम केलं तर डेटा म्हणजे काय हे त्याला जन्मभर पुरेल इतकं कळेल.

संगणकात मराठी साठवली कशी जाते, हेही पाहण्यासारखं आहे. 'मराठी' या शब्दात म, र, काना, ठ आणि वेलांटी अशी पाच चिन्हं आहेत. यूटीएफ-८ या प्रचलित पद्धतीत प्रत्येकाला तीन बाइट, म्हणजे एकूण पंधरा. तोच शब्द रोमन लिपीत सात अक्षरांत लिहिला तर लागतात सातच. 'स्त्री' हे आपल्याला एक अक्षर वाटतं. यंत्राला त्यात सहा चिन्हं आणि अठरा बाइट दिसतात. त्यात मराठीचे प्रत्यय शब्दाला चिकटतात : घर, घरात, घरातून, घरापासून, घरासमोरच्यांनासुद्धा. आपल्याला यांत एकच घर दिसतं. कच्च्या यंत्राला पाच वेगळे शब्द दिसतात.

हे प्रश्न सोडवायला परदेशातून कुणी येणार नाही, आणि पुण्यातल्या काही विद्यार्थ्यांनी वाटही पाहिली नाही. २०२१ मध्ये 'एल३क्यूब' या गटाच्या मार्गदर्शनाखाली पुणे इन्स्टिट्यूट ऑफ कॉम्प्युटर टेक्नॉलॉजी, म्हणजे पीआयसीटीच्या विद्यार्थ्यांनी सुमारे १६ हजार मराठी ट्विट्सचा संच तयार केला. प्रत्येक ट्विटचा सूर होकारार्थी, नकारार्थी की तटस्थ, याची खूण त्यावर केलेली आहे. त्याचं नाव 'महासेंट'. हे काम वाटतं तितकं सरळ नाही. "वा, काय रस्ते केलेत!" हे वाक्य कौतुक आहे की टोमणा? पावसाळ्यात खड्ड्यांतून घरी आलेला माणूस आणि नव्या महामार्गावरून आलेला माणूस तेच शब्द वापरतात. ते ठरवायला मराठी कानच लागतो. याच गटाने पुढे माणसं, गावं, संस्था यांची नावं ओळखण्यासाठी २५ हजार वाक्यांचा 'महानेर' आणि २ कोटी ४८ लाख वाक्यांचा 'महाकॉर्पस' खुला केला. हे संच कुणालाही उतरवून घेता येतात.

'महासेंट' झाला तेव्हा महाराष्ट्रातल्या नव्या एआय शाखांची पहिली तुकडी पदवीपर्यंत पोचलीही नव्हती. ज्यांनी हे काम केलं, त्यांना शाखेच्या नावाची वाट पाहावी लागली नाही.

हीच गोष्ट मोठ्या नावांच्या बाबतीतही दिसते. चॅटजीपीटीच्या नावातला शेवटचा 'टी' म्हणजे ट्रान्सफॉर्मर. ही रचना २०१७ मध्ये 'अटेन्शन इज ऑल यू नीड' या शोधनिबंधात मांडली गेली. त्याच्या आठ लेखकांपैकी निकी परमार या पीआयसीटीच्याच विद्यार्थिनी. त्यांची पदवी माहिती तंत्रज्ञानाची होती. पहिलं नाव असलेले आशिष वासवानी मेसऱ्याच्या बीआयटीमध्ये कॉम्प्युटर सायन्स शिकले. दोघंही पुढच्या शिक्षणासाठी सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात गेले. त्यांच्याही आधीच्या राज रेड्डी यांनी मद्रासमधल्या गिंडीच्या महाविद्यालयातून १९५८ मध्ये सिव्हिल इंजिनिअरिंग केलं, पुढे स्टॅनफर्डला जॉन मॅकार्थींच्या हाताखाली पीएचडी केली आणि यंत्राला माणसाचं बोलणं समजावं यासाठी आयुष्य वेचलं. १९९४ मध्ये त्यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. २०२४ मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्यांत असलेल्या जेफ्री हिंटन यांची पहिली पदवी प्रायोगिक मानसशास्त्राची. एआयकडे ते पीएचडीला आले, तेही एडिनबराला.

याचा अर्थ एआयची पदवी निरुपयोगी आहे, असा मुळीच नाही. ज्या मुलीला हे गणित आवडतं आणि जिच्या महाविद्यालयात ते नीट शिकवलं जातं, तिला तिसऱ्या वर्षी जे विषय मिळतात ते एरवी चौथ्या वर्षी ऐच्छिक म्हणून मिळाले असते किंवा मिळालेच नसते. तो लाभ खरा आहे. पण मध्यम दर्जाच्या महाविद्यालयातल्या एआयसाठी उत्तम महाविद्यालयातलं कॉम्प्युटर, आयटी किंवा ईअँडटीसी सोडणं चूक ठरेल. नावासाठी ही अदलाबदल करू नये. महाविद्यालय भक्कम असेल तर मेकॅनिकल किंवा सिव्हिलमध्ये राहूनही १८ ते २० जादा क्रेडिट घेऊन एआयचा मायनर करता येतो. तशी सोय एआयसीटीईने ठेवली आहे. पुलाच्या खांबातली भेग फोटोवरून ओळखणारं मॉडेल करायचं, तर भेग कशाला म्हणतात हे जाणणारा सिव्हिलचा माणूस लागतोच.

अभियांत्रिकीच्या बाहेरही वाटा आहेत. आयआयटी मद्रासच्या डेटा सायन्सच्या बीएस पदवीला जेईई लागत नाही. चार आठवड्यांचा अभ्यास करून पात्रता परीक्षा उत्तीर्ण झालं की प्रवेश मिळतो. शिकवणी ऑनलाइन असते, परीक्षा केंद्रावर जाऊन द्यायची, आणि मध्येच थांबावं लागलं तर टप्प्यानुसार डिप्लोमा किंवा बीएस्सी पदरात पडते. बीकॉम करता करता हा अभ्यास करणारी मुलं आहेत. संख्याशास्त्राची ओढ असेल तर प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ मध्ये कोलकात्यात स्थापन केलेल्या भारतीय संख्याशास्त्रीय संस्थेची बी.स्टॅट. पदवी आहे. तिची प्रवेश परीक्षा कठीण असते. मशीन लर्निंगच्या पुस्तकांत 'महालनोबिस अंतर' आजही शिकवतात. ते १९३६ सालचं आहे.

नोकरीचं काय, हा प्रश्न प्रत्येक घरात असतो आणि तो रास्त आहे. 'एआय इंजिनिअर' म्हणून पदवीनंतर लगेच रुजू होणारे थोडे. डेटा अॅनालिस्ट, डेटा इंजिनिअर, सॉफ्टवेअर डेव्हलपर अशा पदांवर सुरुवात होते आणि संशोधनाच्या कामासाठी पुढे एमटेक किंवा पीएचडी लागते. साधा कोड लिहिण्याचं काम आता एआयच करू लागलं आहे. त्यामुळे चार वर्षांत फक्त साधा कोड लिहायला शिकलेल्या पदवीधराची जागा अवघड होत जाणार, मग त्याच्या गुणपत्रिकेवर शाखेचं नाव काहीही असो.

एखाद्या महाविद्यालयाचा एआयचा अभ्यासक्रम कसा आहे, हे घरबसल्या तपासायला एक चांगली फूटपट्टी उपलब्ध आहे. गेट परीक्षेत २०२४ पासून 'डेटा सायन्स आणि आर्टिफिशियल इंटेलिजन्स' हा पेपर आला. त्याचे सात भाग आहेत. संभाव्यता आणि संख्याशास्त्र, लिनिअर अल्जिब्रा, कॅल्क्युलस आणि ऑप्टिमायझेशन हे पहिले तीन निव्वळ गणिताचे. मग प्रोग्रॅमिंग आणि डेटा स्ट्रक्चर्स, मग डेटाबेस. मशीन लर्निंग सहावं आणि एआय सातवं. महाविद्यालयाच्या संकेतस्थळावरचा चार वर्षांचा अभ्यासक्रम उतरवून घ्यावा, तो या सात भागांशेजारी ठेवावा आणि पेन्सिलने खुणा कराव्यात. गणिताचे तीन भाग पुरेशा तासांनिशी दिसत नसतील, तर त्या शाखेला यादीत वर ठेवायचं कारण उरत नाही.

आणि शक्य असेल तर एक दिवस काढून मुलीसोबत त्या महाविद्यालयात जावं. प्राचार्यांच्या दालनात बसण्यापेक्षा कॅन्टीनमध्ये तिसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठावं. मशीन लर्निंग कोण शिकवतं, ते कायम आहेत की तासिका तत्त्वावर, प्रयोगशाळेत एका संगणकावर किती जण बसतात, मागच्या वर्षीचे प्रकल्प मुलांनी स्वतः केले की विकत आणले, हे त्यांना विचारावं. मुलं खरं सांगतात. हे सगळं पसंतीक्रम भरण्याआधी करायचं आहे, कारण अर्ज एकदा लॉक झाला की त्या फेरीपुरता क्रम बदलता येत नाही.